सांगड, कट्टुमरम आणि जुन्या नावांचा बाजार

श्रद्धेची आणि विज्ञानाची सांगड, जमेची आणि खर्चाची सांगड, घराची आणि नोकरीची सांगड. हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, पण सांगड ही मुळात पाण्यावरची वस्तू आहे याचे स्मरण फार थोड्यांना असते. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकल्या की सांगड झाली. होड्या नसतील तर दोन सुके भोपळे दोरीने जोडावेत, तीही सांगडच. मोल्सवर्थ साहेबांच्या १८३१ च्या मराठी कोशात हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. नदीवर पूल नव्हते त्या काळी पावसाळ्यात इंद्रायणी, भीमा, कृष्णा ओलांडणाऱ्या माणसाचा जीव या दोन भोपळ्यांमधल्या दोरीवर अवलंबून असे. एकटा भोपळा पाण्यात फिरतो, निसटतो. दुसरा जोडला की तो स्थिर होतो. वाक्प्रचारातला सारा अर्थ या एका अनुभवातून आलेला आहे.

आम्ही राहतो ते संत तुकाराम नगर समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे, कारखान्यांच्या भोंग्यांमध्ये वसलेले आहे. येथे नावांचा विचार कोण करणार, असे वाचक म्हणतील. पण ज्या संतांचे नाव या वसाहतीने घेतले, त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग इंद्रायणीच्या डोहाशी निगडित आहे. शिवाय आमच्या पॅरिशमधील कितीतरी कुटुंबांची मुळे वसई, उत्तन, गोवा आणि केरळ येथील किनाऱ्यांवर आहेत. आजोबांची होडी कोणी घेतली, किती रुपयांना गेली, त्या पैशांतून कोणाचे शिक्षण झाले, अशा गोष्टी पिंपरीच्या सदनिकांमध्ये आजही सांगितल्या जातात. म्हणून जुन्या नावांच्या खरेदी-विक्रीचा, त्यातही जोडनावांचा, हा थोडा इतिहास मांडण्याचे आम्ही ठरविले.

सांगडीचे कूळ फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे सागरी मार्गदर्शक उपलब्ध आहे. त्यात आपल्या सोपारा आणि कल्याण बंदरांचा उल्लेख येतो हे वसईकरांना ठाऊक असेलच. त्याच ग्रंथात पूर्व किनाऱ्याविषयी लिहिताना तो लेखक अखंड लाकडाच्या होड्या एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नावांचे वर्णन करतो आणि त्यांना 'संगारा' म्हणतो. हा शब्द, संस्कृतातील 'संघाट', मल्याळममधील 'चंगाडम' आणि आपली सांगड ही एकाच घरातली भावंडे आहेत असे अभ्यासक मानतात. पोर्तुगीजांनी मलबारात चंगाडम ऐकले आणि त्याचे 'जांगाडा' केले. तो शब्द त्यांच्याबरोबर थेट ब्राझीलपर्यंत पोचला आणि तेथील कोळ्यांच्या तराफ्याला आजही तेच नाव आहे. आपल्या कोकणात मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटीला लोक 'जंगलजेटी' म्हणतात. दाभोळला किंवा दिघीला हा शब्द ऐकताना कोणालाही रानाची आठवण होते. आम्हास मात्र त्यातील जंगल हे चंगाडमचेच दूरचे नातेवाईक असावे असे वाटते.

सांगडीची तमिळ बहीण अधिक भाग्यवान ठरली. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. बांधलेले लाकूड ते कट्टुमरम. कोरोमंडलच्या कोळ्यांची ही ओंडक्यांची नाव विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने पाहिली आणि १६९७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनातून हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे ठेवला. त्याचे 'कॅटामरान' झाले. पुढे या शब्दाने वस्तूच बदलली. तमिळ कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा, तर आज जगभर कॅटामरान म्हणतात ती दोन स्वतंत्र काये असलेली, मध्ये पूल असलेली नाव. थोडक्यात, नाव तमिळ आणि रचना आपल्या सांगडीची.

या रचनेचा गुण आणि दोष समजून घेतल्याखेरीज तिच्या बाजाराचे मर्म कळणार नाही. एका कायेच्या शिडाच्या होडीला सरळ उभे राहण्यासाठी तळाशी शिसे किंवा लोखंड यांचे वजन लागते. वाऱ्याने ती कलते, पण ते वजन तिला पुन्हा उभे करते. जोडनावेला असे वजन लागत नाही. तिच्या दोन पायांमधले अंतर हेच तिचे स्थैर्य. त्यामुळे ती हलकी असते, वेगाने धावते, उथळ पाण्यात शिरते आणि वाळूवर सरळ बसते. परंतु एखाद्या वादळात ती उलटलीच, तर पुन्हा सुलटी होत नाही. लाकडाची असेल तर बुडतही नाही; उपडी तरंगत राहते. दुसरे असे की समुद्राच्या लाटा दोन कायांना निरनिराळ्या दिशांनी पिळत असतात, आणि हा सारा पीळ मधल्या आडव्या तुळयांवर आणि त्यांच्या सांध्यांवर येतो. जुनी जोडनाव घेणाऱ्या जाणत्या माणसाचे डोळे शिडाकडे किंवा रंगाकडे जात नाहीत. तो वाकून, गुडघे टेकून, सांधे पाहतो.

पाश्चात्त्यांनी ही रचना सहजासहजी स्वीकारली नाही. अमेरिकेतील नॅथॅनिएल हेरेशॉफ या थोर नौकाशिल्पीने १८७६ साली 'अॅमेरिलिस' नावाची जोडनाव बांधून न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरविली. तिने प्रतिष्ठित होड्यांना मागे टाकले, आणि बक्षिसाऐवजी तिच्या वाट्याला बंदी आली. १९५५ साली जेम्स व्हॅरम या इंग्रज तरुणाने घरच्या घरी बांधलेल्या जेमतेम साडेतेवीस फुटी 'टांगारोआ' या जोडनावेतून अटलांटिककडे प्रयाण केले आणि तो महासागर पार केला. पुढे व्हॅरमने नावा विकण्यापेक्षा नावांचे नकाशे विकले. शिक्षक, सुतार, कारकून अशा माणसांनी ते नकाशे घेऊन आपापल्या परसात जोडनावा बांधल्या. यातून जुन्या नावांच्या बाजारात एक नवाच प्रश्न उभा राहिला. कारखान्यात बांधलेल्या नावेमागे निदान कारखान्याचे नाव असते. परसात बांधलेल्या नावेच्या फळीमागे डिंक नीट लावला होता की नाही, हे फक्त तो बांधणारा जाणतो आणि त्याचा विवेक जाणतो.

आपल्या किनाऱ्यावरील लाकडी नावांच्या बाबतीतही हाच प्रश्न होता. वसईजवळचे आगाशी हे पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते आणि १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली, त्यामागे हेही एक कारण होते. होडी, मचवा, बतेला, पडाव, गलबत, फत्तेमारी असे किती प्रकार या किनाऱ्यावर नांदले! यांतील एकही नाव एका मालकाच्या हयातीपुरती बांधली जात नसे. सागवान चांगले असेल तर नाव माणसाहून अधिक जगते. म्हणून ती हस्तांतरित होणार हे ठरलेलेच. नाखवा वृद्ध झाला, मुलगा मुंबईच्या गिरणीत लागला, सावकाराचे देणे थकले, किंवा तांडेलच दर्यात राहिला आणि घरात विधवा व लहान मुले उरली, की नाव विकायला निघे. या शेवटच्या विक्रीत घासाघीस करणारा माणूस गावात डोळ्यांसमोर येई.

पावसाळ्यापूर्वी नाव किनाऱ्यावर ओढली, शाकारण्यापूर्वी उघडी पडली, की तिचे खरे रूप दिसते. घेणारा सोबत सुतार आणतो. सुतार हातोडीने फळीवर टकटक करीत चालतो; निकोप लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. पाणरेषेच्या खाली तो सुरीचे टोक दाबून पाहतो. खिळ्याभोवती गंजाचा काळा ओघळ असेल तर खिळा आतून संपला आहे असे समजावे. ताज्या रंगावर तर मुळीच विश्वास ठेवू नये. विकण्यापूर्वी रंग का दिला, हा प्रश्न आधी विचारावा. समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. बाहेरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत संपूर्ण फळीची चाळण झालेली असते. अशी फळी किनाऱ्यावर दिवसाउजेडी धडधाकट दिसते. ती फुटते ती रात्री, दहा मैलांवर, आत सात माणसे असताना.

येथे विषय व्यापाराचा उरत नाही. विकणाऱ्याने दोष सांगावा की नाही? रोमन विचारवंत सिसेरो याने आपल्या 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथात एक नावेचाच दाखला घेतला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, अलेक्झांड्रियाहून एक प्रामाणिक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो, आणि मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजेनिस म्हणतो, खोटे बोलू नये, पण सगळे सांगण्याचे बंधन नाही. अँटिपॅटर म्हणतो, ग्राहकाला जे ठाऊक नाही आणि तुला ठाऊक आहे, ते लपविणे हीच लबाडी. सिसेरोचा कौल अँटिपॅटरच्या बाजूने पडतो. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास यांच्या 'सुम्मा'चा दुसऱ्या भागातील ७७ वा प्रश्न शिकलो, तो खरेदी-विक्रीतील फसवणुकीविषयीच आहे. संत थॉमस या धान्याच्या दाखल्यात व्यापाऱ्याला थोडी मोकळीक देतात, कारण उद्याचा भाव ही भविष्याची गोष्ट. परंतु वस्तूतील गुप्त दोषाबाबत ते ठाम आहेत. दोष उघड असेल, घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर तो ओरडून सांगण्याची गरज नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान वा जिवाला धोका होणार असेल, पडके घर मजबूत म्हणून विकले असेल, तर तो सौदा अधर्म्य आणि विकणारा भरपाईस बांधील. नावेचा उल्लेख संत थॉमस तेथे करीत नाहीत. पण पडक्या घरातून माणूस धावत बाहेर तरी येऊ शकतो.

आपल्या देशाचा १९३० चा मालविक्री कायदा याहून सावध आहे. त्याच्या १६ व्या कलमाचा रोख असा की मालाच्या दर्जाची हमी गृहीत धरता येत नाही. घेणाऱ्याने पाहून घ्यावे. अपवाद आहेत: घेणाऱ्याने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला असेल, किंवा त्या मालाच्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतला असेल, तर हमी लागू होते. परंतु एका नाखव्याने दुसऱ्या नाखव्याला विकलेली जुनी होडी बहुधा या अपवादांत बसत नाही. कायद्याचे किमान आणि विवेकाचे किमान यांत जे अंतर आहे, ते जुन्या वस्तूंच्या बाजारात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

हे अंतर माणसांच्या प्रेतांनी भरले गेल्याचा काळही होऊन गेला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात काही जहाजमालक जुनी, खंगलेली जहाजे स्वस्तात घेत, त्यांना नवे नाव व नवा रंग देत, किमतीपेक्षा जास्त विमा उतरवीत आणि भरमसाट माल भरून समुद्रात लोटीत. जहाज पोचले तर भाडे, बुडाले तर विमा. खलाशी त्यांना 'शवपेट्या' म्हणत. सॅम्युअल प्लिमसोल या संसद सदस्याने १८७३ साली पुस्तक लिहून या व्यवहारावर कोरडे ओढले, सभागृहात आरडाओरड करून स्वतःची नाचक्की करून घेतली, आणि अखेर १८७६ च्या कायद्याने प्रत्येक जहाजावर भाराची रेषा आखणे भाग पडले. आजही जहाजाच्या कुशीवर दिसणारी ती वर्तुळातली आडवी रेघ प्लिमसोलच्या नावाने ओळखली जाते.

याउलट मुंबईच्या सागवानाची कथा. वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली 'त्रिंकोमाली' ही ब्रिटिश आरमाराची नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ऐंशी वर्षांनी, १८९७ साली, ती मोडीत काढण्यासाठी विकली गेली. त्याच वर्षी व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाची 'फूद्रोयाँ' ही जुनी युद्धनौका ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली होती. तीही त्याने जर्मन भंगारवाल्यांकडून सोडवून आणलेली होती. त्या जागी त्याने त्रिंकोमाली विकत घेतली आणि तिला 'फूद्रोयाँ' हेच नाव दिले. त्या परक्या नावाने ती १९८६ पर्यंत मुलांची शिक्षण-नौका म्हणून राबली. पुढे हार्टलपूल येथे तिची दुरुस्ती झाली, १९९२ साली मूळ नाव परत मिळाले, आणि मुंबईत जोडलेल्या त्या सागवानी फळ्या आजही पाण्यावर आहेत. भंगाराच्या भावात गेलेली वस्तू!

मुंबईच्याच दुसऱ्या एका नावेची गोष्ट आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी येते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. मुंबईत असताना त्याने कुलाब्याला एक ३२ फुटी शिडाची होडी सागवानात बांधून घेतली. हत्यारे हाताची, कारागीर येथले. १९६४ साली ती पाण्यात उतरली. नाव ठेवले 'सुहेली', इराणी आखातातल्या आग्नेय वाऱ्याचे अरबी नाव. १९६५ च्या अखेरीस त्याने मुंबई सोडली आणि आफ्रिकेला वळसा घालून १९६७ साली इंग्लंड गाठले. तेथे त्याच्या मनाने घेतले की कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. त्यासाठी मोठी, नवी, पोलादी नाव हवी होती. तिचा आराखडाही तयार झाला. पैशांसाठी सुहेली विकायची ठरली. पण जड, संथ, जुन्या घाटाची ती मुंबईकरीण हव्या त्या किमतीला कोणी घेईना. आश्रयदाताही मिळेना. शेवटी त्याने तीच नाव घेऊन जायचे ठरविले.

'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने जाहीर केलेल्या या शर्यतीत १९६८ साली नऊ जण निघाले. सुहेली १४ जून रोजी फाल्मथहून निघाली. अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात बुडी मारून सांध्यांत कापूस कोंबला आणि त्यावर तांब्याची पट्टी ठोकली. मध्ये शार्क आला तेव्हा त्याला गोळी घालावी लागली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ती फाल्मथला परत आली. विना थांबा, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मानव ठरला, आणि ती शर्यत पूर्ण करणारा एकमेव.

याच शर्यतीत दोन तीन-कायी नावा होत्या, सांगडीला तिसरा भोपळा जोडावा तशा. दोन्हींचा घाट एकाच अमेरिकन शिल्पीचा. पहिली 'व्हिक्ट्रेस' नायजेल टेटली या नौदल अधिकाऱ्याची. ती त्याचे राहते घर होती. शर्यतीसाठी घेतलेली खास नाव नव्हे. दुसरी 'टेनमथ इलेक्ट्रॉन' डोनाल्ड क्रोहर्स्ट या तंत्रज्ञाची. ती घाईघाईत बांधलेली, आणि तिच्यामागे एक करारपत्र होते. पैसे देणाऱ्या स्टॅन्ली बेस्ट या व्यावसायिकाने अट घातली होती की काही बिनसल्यास क्रोहर्स्टच्या कंपनीने ती नाव परत विकत घ्यावी. वाचकांनी या अटीकडे नीट पाहावे. ज्याच्यापाशी नाव बांधायलाच पैसे नव्हते, त्याने अपयश आल्यावर वापरलेली नाव पूर्ण भावाने विकत घ्यायची होती! अशी सही करणारा माणूस परत फिरू शकत नाही.

क्रोहर्स्ट ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, निघाला. थोड्याच दिवसांत बाजूच्या कायेत पाणी शिरू लागले. दक्षिण महासागरात या नावेतून जाणे म्हणजे मृत्यू, आणि परत फिरणे म्हणजे दिवाळे, घर आणि चार मुले रस्त्यावर. त्याने तिसरा मार्ग काढला. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला, खोटी ठिकाणे कळवीत राहिला, आणि दुरुस्तीसाठी अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरला. इकडे टेटली खरोखर पृथ्वीला वळसा घालून परतत होता. पाठीमागून क्रोहर्स्ट जोरात येतो आहे या खोट्या बातमीवर विसंबून त्याने आपली खिळखिळी झालेली नाव ताणली, आणि २१ मे १९६९ रोजी अझोर्स बेटांजवळ व्हिक्ट्रेस फुटून बुडाली. टेटली वाचला. त्यानंतर सर्वांत वेगवान ठरण्याचे बक्षीस, आणि त्याबरोबर होणारी नोंदवह्यांची तपासणी, क्रोहर्स्टच्या वाट्याला येणार हे दिसू लागले. त्याच्या वहीतील अखेरची नोंद १ जुलैची आहे. १० जुलै रोजी एका टपाल-जहाजाला टेनमथ इलेक्ट्रॉन निर्मनुष्य तरंगताना सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

जुनी नाव घेऊन यशस्वी झालेली एक मोहीम तर आमच्या शेजारची म्हणता येईल. संत तुकाराम नगराहून पुण्याकडे जाताना दापोडीपर्यंत ज्याची भिंत सोबत करते, ते लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय लष्कराच्या अभियंता दलाचे. मेट्रोने जाणाऱ्यांना तर भिंतीपलीकडची झाडीही दिसते. या दलाने 'तृष्णा' नावाची ३७ फुटी शिडाची नाव इंग्लंडात विकत घेतली. ती नवी नव्हती. आधी दुसऱ्याची होती. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईस पोचली. भारतीय चमूने शिडाच्या नावेतून केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. नवी नाव घ्यायची म्हटले असते तर ही मोहीम कदाचित कागदावरच राहिली असती.

कमांडर अभिलाष टॉमी यांची कथाही अशीच. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत सुहेलीची हुबेहूब प्रतिकृती, 'थुरिया', खास बांधली गेली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने तिची डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीचा कणा दुखावला आणि तीन दिवसांनी मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या एका फ्रेंच गस्ती-नौकेने त्यांना उचलले. २०२२ साली ते पुन्हा निघाले तेव्हा 'बायनात' ही त्यांची नाव नवी कोरी नव्हे, वापरलेली होती. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने पोचले.

आज जगभर जुन्या कॅटामरानांचा बाजार मोठा आहे, आणि तो मोठा होण्याचे कारण काचतंतू. लाकूड कुजते, लोखंड गंजते. काचतंतूची काया तीस-चाळीस वर्षे सहज टिकते. तिचे रोग निराळे. बाहेरच्या थरातून पाणी मुरून अंगावर फोड येतात, आतला हलका गाभा भिजून मऊ पडतो, आणि पुलाचे सांधे केसाएवढ्या रेषेने तडकतात. दोन काया म्हणजे बहुधा दोन इंजिने, दोन सुकाणू, आणि धक्क्यावर दुप्पट जागेचे भाडे. शहाणा ग्राहक म्हणून नाव पाण्याबाहेर काढून त्रयस्थ तपासनिसाकडून पाहून घेतो आणि मगच उरलेली रक्कम देतो. कोळीवाड्यातला सुतार आणि हातोडी हीच तेथे कोट घालून येतात.

मालकीचा हिशेबही ऐकण्याजोगा आहे. इंग्रजी परंपरेत जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत विभागली जाई. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याने ते दहा केले. म्हणजे पूर्ण नाव विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूसही एका हिश्श्याचा धनी होऊ शकतो. कोळ्यांमध्ये कागद नसतानाही हीच रीत होती: नावेचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, हाताचा वेगळा. विधवेने नाव न विकता नावेचा वाटा राखून ठेवावा आणि दिराने ती चालवावी, अशी व्यवस्था जेथे पाळली गेली, तेथे लहान मुलांची ताटे रिकामी राहिली नाहीत.

धर्मगुरूंच्या जुन्या रोमन विधिग्रंथात नावेच्या आशीर्वादाची प्रार्थना आहे. तिच्यात नोहाचे तारू येते, पाण्यावर चालणाऱ्या पेत्राला दिलेला हात येतो. पण तिचे शीर्षक 'नव्या नावेचा आशीर्वाद' असे आहे. हात बदललेल्या नावेसाठी वेगळी प्रार्थना तेथे नाही. कोळीवाड्यांतून मात्र नव्या मालकाने घेतलेली जुनी होडी नवा रंग लावून, नवे नाव लिहून, आशीर्वादासाठी पुन्हा उभी केली जातेच, आणि तीर्थ शिंपडणारा पुरोहित सहसा शीर्षकाकडे पाहत नाही.

सुहेली १९९७ पासून काही वर्षे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली होती. तेथील कोरड्या हवेत तिच्या सागवानी फळ्या आकसू लागल्या, सांधे उघडू लागले. २००२ साली तिच्या मालकाने, ज्याला ती एकदा विकता आली नव्हती, तिला तेथून बाहेर काढले आणि पुन्हा पाण्यात आणण्यासाठी दुरुस्तीस घेतले. टेनमथ इलेक्ट्रॉन जमैकात विकली गेली, नंतरही तिचे मालक बदलले, आणि शेवटी कॅरिबियन समुद्रातील केमन ब्रॅक बेटाच्या किनाऱ्यावर ती ओढून ठेवण्यात आली. तेथे ऊन, वारा आणि चक्रीवादळे यांनी तिच्या तिन्ही काया हळूहळू सुट्या केल्या.